ईमेलवरच्या नॉमिकमध्ये नियमबदलाचा प्रस्ताव कसा लिहायचा

गेल्या वर्षी आमच्या पाच जणांच्या नॉमिकमध्ये, म्हणजे नियम बदलणं हीच खेळी असलेल्या खेळात, दुसऱ्या फेरीतला पहिला प्रस्ताव माझा होता, क्रमांक ३०६: 'प्रत्येक खेळाडूने दर आठवड्याला किमान एकदा मत द्यावे. न दिल्यास त्याचे ५ गुण वजा होतात.' दोघं जण मत द्यायला दहा-दहा दिवस लावत होते आणि खेळ रखडत होता, म्हणून हा उपाय. पाचही मतं अनुकूल पडली. पुढची पाळी ज्याची होती तो गावी लग्नाला गेला आणि आठवडाभर त्याच्याकडून प्रस्तावच आला नाही. मत द्यायला समोर काही नव्हतं, त्यामुळे कुणी दिलं नाही. सोमवारी सकाळी नोंद ठेवणाऱ्या मैत्रिणीची मेल आली: नियम ३०६नुसार पाचही जणांचे प्रत्येकी ५ गुण वजा.

दोघांचं म्हणणं, मतदानच नव्हतं तर दंड कसला? ती म्हणाली, 'मतदान असेल तर' असं नियमात कुठे लिहिलंय? वाद न्यायाधीशाकडे गेला. मूळ नियम २१२ सांगतो की ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो. म्हणजे मीच. मी स्वतःचा नियम चार वेळा वाचला. मला काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण ते मजकुरात नव्हतं. मी दंड कायम ठेवला. निकाल फिरवायला बाकीच्या सर्वांचं एकमत लागतं, ते झालं नाही.

तेव्हापासून मी नव्या खेळाडूंना पहिली गोष्ट हीच सांगतो. लोक मत देतात ते तुमच्या कल्पनेला, पण अंमलात येतो तो मजकूर. पुढचं सगळं त्या मजकुराविषयी आहे.

खेळाची ओळख, जेवढी लागते तेवढी

नॉमिक रचला पीटर सूबर या अमेरिकी तत्त्वज्ञाने, १९८२ साली. त्याच वर्षी जून महिन्यात डग्लस हॉफस्टॅटर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात तो छापला. नाव ग्रीक 'नोमोस' या शब्दावरून आलं आहे, अर्थ कायदा. या खेळात नियम बदलणं हीच खेळी. सूबर यांना छळणारा प्रश्न कायद्याचा होता: घटनादुरुस्तीचं कलम स्वतःलाच दुरुस्त करू शकतं का? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७१च्या २४व्या घटनादुरुस्तीने कलम ३६८, म्हणजे दुरुस्तीचा अधिकार देणारं कलमच, बदललं होतं आणि १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपुढे त्यावर युक्तिवाद झाले.

सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ हे अपरिवर्तनीय आणि २०१ ते २१३ हे परिवर्तनीय. आम्ही त्यांना पक्के आणि कच्चे म्हणतो, इथेही तेच शब्द वापरतो. ज्याची पाळी तो एक प्रस्ताव मांडतो आणि त्यावर मतदान होतं. पहिल्या दोन फेऱ्यांत एकमत लागतं, नंतर साधं बहुमत पुरतं. प्रस्तावांचे क्रमांक ३०१पासून सुरू होतात.

टपालाने किंवा संगणकावर खेळणाऱ्यांसाठी सूबर यांनी मूळ नियमांतच वेगळी सोय करून ठेवली आहे. पाळ्या आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात. फासा टाकायचा नसतो, गुण एका सूत्राने मिळतात. जिंकायला १००ऐवजी २०० गुण लागतात. आणि समोरासमोरच्या खेळात एकमेकांशी संगनमत करून पुढचे बदल ठरवायला नियम २१०ने जी बंदी आहे, ती इथे लागू नाही. ही शेवटची सूट फार मोलाची आहे, तिच्याकडे परत येऊ.

चालू नियमावली समोर ठेवा

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी नोंद ठेवणाऱ्याकडून आजच्या तारखेची नियमावली मागवा. तीन आठवड्यांपूर्वी उतरवून घेतलेली चालणार नाही. मग ज्या गोष्टीला तुम्ही हात लावणार, तो शब्द नियमावलीत कुठेकुठे येतो ते शोधा. समजा गुणांबद्दल काही बदलायचंय. गुण २०१ आणि २०२मध्ये आहेत, २०४, २०६ आणि २०८मध्ये आहेत, आणि पक्क्या ११२मध्येही आहेत. गुण मिळवण्याची रीत आणि जिंकायला लागणारा आकडा बदलता येतो, पण गुण मिळवून जिंकणं ही गोष्टच बदलता येत नाही, असं ११२ सांगतो. ज्याने हे वाचलेलं नसतं तो 'जो सर्वांत जास्त नियम लिहील तो विजेता' असा प्रस्ताव मांडतो, उत्साहाने तो मंजूरही होतो, आणि नियम जन्मतःच निष्प्रभ ठरतो.

निष्प्रभ किती, हे नीट समजून घ्या. नियम ११०प्रमाणे पक्का आणि कच्चा नियम एकमेकांच्या आड आले तर कच्चा नियम संपूर्ण रद्दबातल होतो. आड येणारं वाक्य तेवढं गळून पडत नाही, अख्खा नियम जातो. दहा ओळींच्या सुंदर नियमातली एक ओळ पक्क्या नियमाशी भिडली की दहाही ओळी गेल्या. म्हणून सोळाही पक्के नियम प्रत्येक वेळी वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

कोणत्या जातीचा बदल हवा?

चार जाती आहेत: नवा नियम, कच्चा नियम रद्द करणं, कच्च्या नियमात दुरुस्ती, आणि नियमाची जात पालटणं, म्हणजे पक्क्याचा कच्चा किंवा कच्च्याचा पक्का करणं. पक्क्याचा कच्चा करायला खेळाच्या कुठल्याही टप्प्यावर एकमतच लागतं. पक्का नियम थेट दुरुस्त करता येत नाही. आधी तो कच्चा करायचा आणि पुढच्या पाळीला त्यात दुरुस्ती करायची. मधल्या काळात तो नियम उघडा पडलेला असतो आणि कुणीही त्यात हवा तो बदल सुचवू शकतो. पक्का नियम पालटायचा प्रस्ताव मांडण्याआधी पुढची पाळी कुणाची आहे ते बघा.

एका पाळीत एकच बदल. २०४ आणि २०६ या दोन्ही नियमांतले १० गुण ५वर आणायचे असतील तर दोन प्रस्ताव लागतील. 'नियमावलीत जिथे १० आहे तिथे ५ समजावे' असा एकच नवा नियम आणण्याचा मोह होतो. तो आवरा. नियम २११प्रमाणे दोन कच्च्या नियमांत विरोध आला तर लहान क्रमांकाचा नियम वरचढ ठरतो. तुमचा ३००च्या पुढचा, तो २०४ आणि २०६पुढे हरणार.

इथेच एक खोच आहे जी मी वर्षभर खेळल्यावरही कुणाच्या लक्षात येताना पाहिली नाही. नियम १०८ म्हणतो की दुरुस्त झालेल्या नियमाला दुरुस्तीच्या प्रस्तावाचा क्रमांक मिळतो. म्हणजे ३१२ क्रमांकाच्या प्रस्तावाने नियम २०६ दुरुस्त केलात की तो नियम २०६ राहत नाही, नियम ३१२ होतो. काल तो रांगेत पुढे होता, आज शेवटी गेला. तुम्ही फक्त १०चे ५ केलेत, पण नकळत त्या नियमाची ताकदही काढून घेतलीत. उपाय २११मध्येच आहे: नियमाने स्वतःबद्दल 'इतर नियमांशी विरोध आल्यास हा नियम वरचढ' असं म्हटलेलं असेल तर क्रमांकापेक्षा ते वाक्य मानलं जातं. जुनी जागा टिकवायची असेल तर दुरुस्तीत हे वाक्य घाला.

शिवाय एक मोजणी. नियम २०९प्रमाणे कच्चे नियम २५पेक्षा जास्त असू शकत नाहीत. सुरुवातीला १३ असतात. पक्का नियम कच्चा केला की त्या आकड्यात एकाची भर पडते, हे मोजताना विसरतं.

मजकूर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठीत नियम लिहिताना मराठीच्या काही सवयी आड येतात, त्या आधी सांगतो.

'शकतो' हा शब्द. 'खेळाडू आपले मत बदलू शकतो' या वाक्यात बदलायची परवानगी आहे की बदललं तर ते खरोखर बदलतं, हे कळत नाही. दोन्ही एकच वाटतं ना? नकारात लिहून बघा. 'खेळाडूने मत बदलू नये' याचा अर्थ: बदललं तर ते बदललं, पण नियमभंग झाला, दंड असेल तर भरा. 'खेळाडूला मत बदलता येत नाही' याचा अर्थ: बदलल्याची मेल पाठवली तरी काही घडलं नाही, पहिलं मतच धरायचं. खेळाच्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे नियम आहेत. अगोरा नावाचा ईमेलवरचा नॉमिक ३० जून १९९३ला सुरू झाला आणि तीन दशकं ओलांडून चालला. तिथे या फरकासाठी ठरावीक इंग्रजी क्रियापदं मोठ्या अक्षरांत लिहितात आणि कोणत्या क्रियापदाचा काय अर्थ हे एका स्वतंत्र नियमात बांधून ठेवलं आहे. मराठीला तशी सोय करावी लागत नाही. 'येत नाही' आणि 'नये' हे दोन शब्द आपल्याकडे आहेतच. त्यांची अदलाबदल न करणं एवढंच पाळायचं.

दुसरी सवय 'जाईल'ची. 'गुणांची नोंद केली जाईल.' कोण करील? कधी? नाही केली तर गुण मिळाले की नाही? सरकारी पत्रं वाचून वाचून ही रचना हाताला लागलेली असते. प्रत्येक वाक्यात कर्ता लिहा. आणि शक्य तिथे घटना नोंदीवर टांगू नका: 'प्रस्ताव मंजूर होताच मांडणाऱ्याला ५ गुण मिळतात. नोंद ठेवणाऱ्याने ते ३ दिवसांच्या आत नोंदवावेत.' नोंद राहून गेली तरी गुण मिळालेले असतात.

मग काळाचे शब्द. 'परवा' मागचा की पुढचा, हे बोलताना कळतं, नियमात कळत नाही. 'रविवारपर्यंत' यात रविवार धरायचा का? 'आठवडा' म्हणजे सोमवार ते रविवार, की आजपासून सात दिवस? आमच्यातला एक जण न्यू जर्सीत राहतो. त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असतं, ऋतूप्रमाणे. त्याचा रविवार संपतो तेव्हा आपला सोमवार सकाळचा चहा होऊन गेलेला असतो. म्हणून दिवस, आठवडे मोजू नका, तास मोजा. आणि मेल कधीची मानायची तेही ठरवा. सगळ्यात कमी भांडणं होतात ती मेलच्या शीर्षात उमटलेली पाठवल्याची वेळ धरली की. मिळाल्याची वेळ प्रत्येकाची वेगळी असते.

सर्वनामं टाळा. 'प्रस्ताव मांडणाऱ्या खेळाडूने न्यायाधीशाला कळवल्यावर त्याने ४८ तासांत उत्तर द्यावे' यात 'त्याने' कोण? 'खेळाडू', 'न्यायाधीश' हे शब्द पुन्हा पुन्हा आले तर वाक्य कंटाळवाणं होतं, होऊ द्या. शिवाय स्त्री-पुरुषाचा प्रश्न आपोआप सुटतो.

एक बारकी तांत्रिक गोष्ट, पण तिने आमचा एक दिवस खाल्ला. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ्य' संगणकात दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो: काही कळफलक त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या 'र'ला अदृश्य जोडखूण लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एकाने प्रस्तावात 'नियम २०३मधील दुसऱ्या हा शब्द बदलून तिसऱ्या करावा' असं लिहिलं आणि नोंद ठेवणारीच्या फाइलमध्ये तो शब्द शोधून सापडेना. असा शब्द नाहीच, मग दुरुस्ती कशात? अगोरात तर नियमबदल सांगताना जराही संदिग्धता आली की तो बदल घडलाच नाही असं मानतात. मोकळ्या जागा आणि मोठी-लहान अक्षरं यांतला फरक तेवढा माफ. तुम्ही मराठीत खेळत असाल तर 'दिसायला सारखी अक्षरे सारखीच मानावीत, आणि १० व दहा हेही सारखेच' असा नियम लवकर करून टाका. तोवर जुना मजकूर टाइप करू नका, नियमावलीतून उचलून चिकटवा.

भाषेचं झाल्यावर पोकळ्या शोधा. माझ्या ३०६ची गत इथे झाली होती. प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारा. ही गोष्ट शून्य वेळा घडली तर? अनेक वेळा घडली तर? दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या तर? आणि ज्याच्यावर काम सोपवलंय तो खेळ सोडून गेला तर? नियम ११३प्रमाणे कुणीही कधीही खेळ सोडू शकतो. 'अनेक वेळा'कडे खास लक्ष द्या. 'चर्चेत सूचना करणाऱ्या खेळाडूला १ गुण मिळतो' असा नियम केलात तर कुणीतरी रात्री बसून चाळीस सूचनांच्या चाळीस मेल पाठवील. तो चूक करत नाही, मजकूर तसा आहे. 'दर प्रस्तावामागे जास्तीत जास्त १' हे शब्द तुम्ही घालायला हवे होते.

माझी एक पद्धत आहे. मसुदा झाला की तो रात्रभर ठेवतो आणि सकाळी प्रतिस्पर्धी म्हणून वाचतो: हा नियम मंजूर झालाय, लिहिणाऱ्याशी माझं काही देणंघेणं नाही, यातून मला सगळ्यात जास्त काय काढता येईल? पाच मिनिटांत एक तरी भोक सापडतं.

मेल

एका मेलमध्ये एकच प्रस्ताव. मजकूर मेलच्या अंगातच लिहा. जोडपत्र, फोटो नकोत, कारण ते उद्धृत करता येत नाहीत आणि त्यांत शोधताही येत नाही. जुन्या धाग्यात उत्तर म्हणून न पाठवता नवी मेल सुरू करा आणि 'सर्वांना उत्तर' गेलं आहे ना ते तपासा. आमच्याकडे ठरलेला साचा असा:

विषय: प्रस्ताव ३१२, नियम २०६ची दुरुस्ती, मसुदा १

प्रकार: दुरुस्ती

सध्याचा मजकूर: प्रस्तावित नियमबदल नामंजूर झाल्यास तो मांडणाऱ्या खेळाडूचे १० गुण वजा होतात.

नवा मजकूर सुरू: प्रस्तावित नियमबदल नामंजूर झाल्यास तो मांडणाऱ्या खेळाडूचे ५ गुण वजा होतात. इतर कच्च्या नियमांशी विरोध आल्यास हा नियम वरचढ ठरतो. नवा मजकूर समाप्त.

कारण (हा नियमाचा भाग नाही): १० गुणांच्या भीतीने लोक फक्त बिनधोक प्रस्ताव मांडत आहेत.

चर्चा: ही मेल पाठवल्यापासून ९६ तास.

'सुरू' आणि 'समाप्त' या खुणा क्षुल्लक वाटतात, पण त्या नसतील तर खाली केलेली सही किंवा 'मोबाइलवरून पाठवले' हे शब्दसुद्धा नियमाचा भाग आहेत असं म्हणणारा भेटतो. कारणाच्या भागात मोकळेपणाने लिहा, तिथे तुमची बाजू मांडा. पण मजकुरात जे नाही ते कारणात लिहून नियमात आणता येत नाही.

मतं आणि गुणांचा हिशेब

ईमेलच्या खेळात प्रस्तावाचे गुण असे: प्रस्तावाच्या क्रमांकातून २९१ वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला अनुकूल मतांच्या प्रमाणाने गुणायचं, जवळच्या पूर्णांकापर्यंत. ३०१ला जास्तीत जास्त १०. आमच्यासारखे पाच खेळाडू असतील तर दोन फेऱ्या ३१०ला संपतात आणि ३११ हा बहुमताने मंजूर होऊ शकणारा पहिला प्रस्ताव. त्याला पाचही मतं पडली तर २० गुण, चार पडली तर १६, तीन पडली तर १२. दोनच पडली तर प्रस्ताव पडतो, २०६चे १० वजा होतात, पण सूत्राचे ८ मिळतात, कारण गुण मंजुरीवर अवलंबून आहेत असं २०२मध्ये म्हटलेलंच नाही. निव्वळ तोटा २.

आता २०४ जोडा. बहुमताचा काळ सुरू झाल्यावर जिंकणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध मत देणाऱ्याला १० गुण मिळतात. म्हणजे तुमचा प्रस्ताव नक्की मंजूर होणार असं दिसलं की प्रत्येकाला विरोधात मत द्यायचा मोह होतो. दोघांनी तसं केलं तरी तो तीन मतांनी तरतो. तिघांनी केलं तर पडतो, आणि त्या तिघांनाही काही मिळत नाही. याच कारणाने चांगले प्रस्ताव पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून आधी बोलून घ्या, ईमेलच्या खेळात त्याला मुभा आहे. मसुदा पाठवण्याआधी दोघांना वेगळी मेल करा: मजकूर असा आहे, तुमचं काय म्हणणं, तुमच्या पुढच्या प्रस्तावाला माझं मत हवंय का? यात लपवाछपवी काही नाही. अगोरात तर कच्चा मसुदा सगळ्यांसमोर ठेवण्याची रीतच आहे, त्याला ते 'प्रोटो' म्हणतात, आणि ज्यांनी सुधारणा सुचवल्या त्यांची नावं सहलेखक म्हणून प्रस्तावात येतात.

चर्चा आणि मतदान

नियम १११ चर्चेला वाजवी वेळ देतो आणि शेवटचं रूप ठरवायचा हक्क मांडणाऱ्याला देतो. आलेली प्रत्येक सूचना घेऊ नका. जी भोक बुजवते ती घ्या, जी नवी कल्पना घुसवते ती बाजूला ठेवा, कारण दोन बदल एकात कोंबल्याचा आक्षेप येईल. प्रत्येक बदलानंतर पूर्ण मजकूर नव्याने पाठवा आणि मसुद्याचा आकडा वाढवा. 'मसुदा २मधल्या तिसऱ्या ओळीत अमुक शब्द धरावा' असं कधीही करू नका. मतदान सुरू करताना 'मतदान मसुदा ३वर' असं स्पष्ट लिहा. मसुदा १ला आलेलं 'हो' मसुदा ३ला चालत नाही. नियम १०६प्रमाणे ज्या रूपावर मतदान झालं त्याच रूपात नियम अंमलात येतो. शेवटी निकाल, प्रत्येकाचं मत, गुण आणि पूर्ण नियमावली एकाच मेलमध्ये यावी. नोंद ठेवणाऱ्याचं हे काम कष्टाचं असतं, त्याचे आभार माना.

अगोरात प्रस्ताव द्यायचा असेल तर

तिथे पाळी नसते. कुठलाही खेळाडू सार्वजनिक मेलने केव्हाही प्रस्ताव देऊ शकतो. 'प्रमोटर' हा पदाधिकारी प्रस्तावांना क्रमांक देऊन ते मतदानासाठी वाटतो, मतदान सात दिवस चालतं आणि 'असेसर' निकाल जाहीर करतो. बाजूने, विरुद्ध आणि फक्त हजर अशी तीन मतं असतात. मूळ खेळातले पक्के-कच्चे तिथे नाहीत. त्याऐवजी प्रत्येक नियमाला शक्तीचा आकडा असतो आणि प्रस्तावाला मंजुरीचा निर्देशांक. निर्देशांक ३ असेल तर बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. शक्ती ३ असलेला नियम निर्देशांक १च्या प्रस्तावाने बदलत नाही, म्हणून कोणत्या नियमाला हात लावताय ते बघूनच निर्देशांक लिहा. नवखे लोक इथेच चुकतात. दुरुस्तीनंतर नियमाचा क्रमांक मात्र तोच राहतो. आणि चार आठवड्यांत नियम बदलणं अशक्यप्राय होईल असा कोणताही बदल तिथे होऊच शकत नाही. खेळ गोठू नये यासाठी नियम १६९८ राखण करतो. आपल्या छोट्या खेळात हे काम ११४ करतो, पण त्यात मुदत नाही. ती घालण्यासारखी आहे.

३०६चं पुढे काय झालं

निकाल दिल्यावर आम्ही मूळ दुखणं पुन्हा तपासलं. नियम १०५ म्हणतो की प्रत्येक खेळाडूने प्रत्येक मतदानात भाग घेतलाच पाहिजे, पण केव्हापर्यंत ते सांगत नाही. एक जण गप्प बसला की खेळ थांबतो. '७२ तासांत मत न आल्यास तो खेळाडू अनुपस्थित मानावा' असा कच्चा नियम केला असता तर तो १०५शी भिडून पूर्ण रद्द झाला असता. म्हणून पाचही जणांनी आधी मेलवर बोलून घेतलं आणि काम तीन पाळ्यांत वाटलं. लग्नाहून परतलेल्याने ३०७ मांडला: नियम १०५ कच्चा करणे. एकमताने मंजूर. पुढच्या खेळाडूने ३०८ने त्याची दुरुस्ती केली. तिसऱ्याने ३०९ने माझा ३०६ रद्द केला, त्याला मीही अनुकूल मत दिलं. ३०८चा मजकूर हा, मसुदा ४:

'प्रत्येक खेळाडूला प्रत्येक नियमबदलावर मत देण्याचा हक्क आहे. मांडणाऱ्या खेळाडूने मतदान सुरू केल्याची मेल पाठवल्यापासून ७२ तासांच्या आत ज्या खेळाडूने मत पाठवले नाही, त्या खेळाडूचा त्या मतदानापुरता हक्क संपतो आणि तो खेळाडू त्या मतदानाच्या मोजणीत धरला जात नाही. एकही मत न आल्यास प्रस्ताव नामंजूर होतो. मेलच्या शीर्षातील पाठवल्याची वेळ ग्राह्य धरावी. इतर कच्च्या नियमांशी विरोध आल्यास हा नियम वरचढ ठरतो.'

त्याखालचं पहिलं मतदान ७१ तासांनी पूर्ण झालं. शेवटचं मत न्यू जर्सीहून आलं.